राजीनामा नको, तक्रार लिही

वसई
रविवार

प्रिय मनू,



परवा फोनवर तू रडलीस, मग हसून म्हणालीस, "जाऊ दे आत्या, दुसरीकडे बघते नोकरी." त्या 'जाऊ दे'वर मला बोलायचं आहे. फोनवर ते सांगून झालं नसतं, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझी परवानगी घेऊन ते छापायलाही देते आहे. यातलं मनू हे नाव तुझं नाही. कंपनीचं नाव नाही, त्या सुपरवायझरचंही नाही. छापायचं कारण एवढंच की तू विचारलेले प्रश्न तुझ्या एकटीचे नाहीत. सकाळी वसई रोडला पूर्वेकडे उतरून वालीव, सातिवली, गोखिवरे, चिंचपाड्याच्या शेअर रिक्षात बसणाऱ्या बायकांपैकी कितीजणी हेच प्रश्न मनात घेऊन बसतात, ते त्यांच्या शेजारी बसल्यावर कळतं. माझी सगळी नोकरी हजेरी आणि पगाराच्या टेबलावर गेली. कंपनी कुठल्या कागदाला घाबरते आणि कुठला कागद सरळ टोपलीत टाकते, हे त्या टेबलावरून चांगलं दिसतं.

तू सांगितलेलं आधी नीट मांडते, चुकलं तर सांग. डिस्पॅचचा सुपरवायझर सुरुवातीला गोड वागला. मग रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर 'झोपलीस का?' सुरू झालं. उत्तर दिलं नाहीस की दुसऱ्या दिवशी चलनात चुका निघायच्या. स्टॉक मोजायला स्टोअरमध्ये तुलाच बोलावणं, दाराशी वाट अडवून उभं राहणं, कपड्यांवर बोलणं. २६ जानेवारीला कंपनीत सत्यनारायण होता. त्या दिवशी तो जे बोलला त्यावर तू चारचौघांत त्याला ठणकावलंस. त्यानंतर तो गप्प झाला आणि ओव्हरटाइमच्या यादीतून तुझं नाव गेलं. शेठना सांगितलंस, तर ते म्हणाले, "त्याचा स्वभावच तसा आहे. हात तर लावला नाही ना?"

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे सगळी प्रकरणं याच वाक्याखाली दाबली जातात. १९८८ साली दिल्लीतल्या एका निर्यात परिषदेतल्या टायपिस्ट मुलीने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. चौकशी झाली, त्याला कामावरून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला सांगितलं. त्याने प्रयत्न केला असेल, पण प्रत्यक्ष स्पर्श झाल्याचं दिसत नाही, असा एकंदर सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९९ मध्ये तो निकाल फिरवला आणि बडतर्फी कायम केली. छळ ठरायला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, हे तेव्हाच ठरून गेलं. म्हणजे तुझ्या शेठचा प्रश्न पंचवीस वर्षांहून जुना आहे आणि त्याचं उत्तरही तेवढंच जुनं.

आता आपला कायदा काय म्हणतो ते बघ. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. लोक त्याला 'पॉश' म्हणतात. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणं आणि या जातीचं दुसरं कुठलंही नकोसं वागणं, बोलून किंवा न बोलता, हे सगळं त्यात येतं. त्यासोबत बढतीचं आमिष, नोकरीची धमकी, कामात अडथळे किंवा अपमानाची वागणूक असेल तर तेही छळातच मोडतं. वाट अडवणं, कपड्यांवरचे शेरे आणि नकारानंतर कापलेला ओव्हरटाइम एका ओळीत लिही आणि मग वाच. 'स्वभाव' कुठे दिसतो का बघ.

आता गाळ्याचा प्रश्न. तू म्हणालीस, "आमच्याकडे कसली समिती, आम्ही मस्टरवर जेमतेम आठ." वसईच्या पूर्वेला बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं. ज्या कामाच्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. पण हे दहा मोजायचे कसे? कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारीवरचा, शिकाऊ, ठेकेदारामार्फत आलेला, सगळेच. तुमच्या पॅकिंगला ठेकेदाराच्या बायका आहेत, लोडिंगला पोरं आहेत. ती मस्टरवर नसतील, पण कायद्याच्या मोजणीत आहेत. कंपनीने ने-आण करायला दिलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाणच. तेव्हा आधी माणसं मोज.

दहा किंवा जास्त भरले, तर समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक सदस्य बाहेरच्या महिला संस्थेतला किंवा या प्रश्नाची जाण असलेला, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. समितीच्या नेमणुकीचा आदेश दिसेल अशा जागी लावणं हे मालकाचं काम आहे. तुमच्या ऑफिसात लक्ष्मीच्या फोटोखाली तो कागद आहे का? नसेल, तर समिती न नेमल्याबद्दल मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीच चूक पुन्हा झाली तर दुप्पट, आणि परवान्यावरही गदा येऊ शकते. अशा वेळी अर्ज मालकाच्या नावाने द्यायचा, त्यात समिती नेमण्याची मागणी करायची आणि प्रत जिल्हा अधिकाऱ्याला पाठवायची.

दहापेक्षा कमी भरले, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर स्थानिक समिती. ही समिती जिल्ह्याची असते. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे आपलं दार पालघरचं. विरारला डहाणूची गाडी पकडायची, पालघरला उतरायचं, बोईसर रस्त्याला कोळगावला जिल्हाधिकारी कार्यालय. तिथे स्थानिक समिती कुठे बसते ते विचारायचं. एक दिवसाचा खाडा परवडणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून कायद्याने आणखी एक सोय केली आहे: ग्रामीण भागात तालुक्याला आणि शहरात प्रभागाला किंवा पालिकेला एक समन्वय अधिकारी नेमायचा. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पोचवायची. प्रभाग कार्यालयात जाऊन त्याचं नाव विचार. खिडकीवरचा माणूस 'असं कुणी नाही' म्हणाला, तर तेच लेखी माग. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' या पोर्टलवरूनही तक्रार देता येते.

तुला वाटेल, हे सगळं कागदावर. तसं मानायला जागा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मानलं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या बडतर्फीचं प्रकरण तिथे गेलं. मे २०२३ मध्ये न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण समितीने घाईघाईत चौकशी उरकून त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. त्याच निकालात, कायदा येऊन दहा वर्षं झाली तरी ठिकठिकाणी समित्याच नाहीत, यावर न्यायालयाने कडक शब्द वापरले. डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्यासाठी राज्यांना मुदत घालून दिली. यातून तू दोन गोष्टी लक्षात ठेव. समिती मागणं हा हट्ट नाही. आणि समिती बसली की तिला पद्धत पाळू दे. त्या माणसाला त्याचं म्हणणं मांडू दे. घाईत मिळवलेला निकाल वरच्या कोर्टात पडतो.

तक्रार लिहायची कशी? सुंदर मराठीची गरज नाही. तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला किंवा त्याने काय केलं, तू काय उत्तर दिलंस, तिथे कोण होतं. बस. 'माझा मानसिक छळ होतो' हे वाक्य कितीही खरं असलं तरी चौकशीत त्याला पकडायला काही नसतं. '२६ जानेवारीला दुपारी प्रसादाच्या वेळी पॅकिंग टेबलाशी, अमुक दोघींसमोर, तो असं म्हणाला' या वाक्याला असतं. त्याचे शब्द तसेच्या तसे लिही, लाजू नकोस. ते शब्द त्याचे आहेत. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं लागतात. लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. एखादी बाई आजारी असेल, मनाने खचलेली असेल, तर तिच्या लेखी संमतीने नातेवाईक, मैत्रीण किंवा सोबत काम करणारी तक्रार देऊ शकते.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नकोस, त्याला ब्लॉक करण्याआधी सगळं जपून ठेव. फोटो काढून ठेव, पण मूळ मोबाइल विकू नकोस, बदलूही नकोस. हजेरीचे आणि ओव्हरटाइमचे जे कागद हाताशी असतील त्यांच्या प्रती घरी ठेव. पगाराच्या टेबलावरच्या अनुभवाने सांगते, यादीतून नाव कुठल्या तारखेपासून गेलं हे कुणी तोंडाने सांगितलं तर वाद होतो, कागदावर दिसलं तर वाद संपतो. अर्ज हातात दिलास तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घे. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जप.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. तू म्हणशील, ओव्हरटाइम अजून कापला जातोय, म्हणजे छळ चालूच आहे. थांब. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने असंच धरलं होतं. कुलगुरूंविरुद्धचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३चा, तक्रार दिली डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात तिला एका पदावरून हटवलं, तो छळाचाच भाग असं तिचं म्हणणं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ती प्रशासकीय कारवाई वेगळी धरली आणि तक्रार मुदतीबाहेर ठरवली. त्या कुलगुरूंच्या कारकिर्दीच्या माहितीत या निकालाचा उल्लेख कायम ठेवायला सांगितला, पण चौकशी झाली नाही ती नाहीच. कायदा शिकवणारी बाई तारखेवर हरली. म्हणून तुझी मुदत ओव्हरटाइमपासून नव्हे, २६ जानेवारीपासून मोज. २६ एप्रिल ही शेवटची तारीख. होळी झाली, पाडव्याच्या आत अर्ज गेला पाहिजे.

अर्ज दिल्यावर काय होईल? त्याची प्रत सात दिवसांत त्या माणसाला जाईल, दहा दिवसांत त्याने उत्तर द्यायचं. हे कामाचे दिवस. चौकशी ९० दिवसांत संपवायची, अहवाल दहा दिवसांत, त्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. समितीपुढे वकील चालत नाही, ना त्याला ना तुला. चौकशी चालू असताना तुझी किंवा त्याची बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते आणि ती रजा तुझ्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. हे आपोआप मिळत नाही, लेखी मागावं लागतं. मिटवायचं असेल तर ते फक्त तू म्हणालीस तरच, आणि पैसे देऊन नाही. शेठने पाकीट पुढे केलं तर ते कायद्यालाच मंजूर नाही, एवढं सांगून उठ. आरोप सिद्ध झाला तर भरपाई त्याच्या पगारातून कापून तुला देण्याची शिफारस समिती करू शकते. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील आहे.

तो माणूस तुमच्या कंपनीचा नसून ठेकेदाराचा किंवा गिऱ्हाइकाकडचा असता तर? असं एका मुलीने मला विचारलं होतं. दुसऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्याविरुद्धही पीडित बाईच्या स्वतःच्या कार्यालयातली समिती चौकशी करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. 'तो आमचा माणूस नाही' हे उत्तर आता पुरणार नाही.

पोलिसांचा रस्ता वेगळा आहे आणि तो समितीसोबतही चालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ, ७८ मध्ये पाठलाग आणि ७९ मध्ये बाईच्या विनयाला धक्का देणारे शब्द आणि हावभाव येतात. नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं हे पाठलागात बसू शकतं. तुझा गाळा वालीव पोलिस ठाण्याच्या हद्दीत, तू राहतेस नालासोपारा पूर्वेला. तुळिंज पोलिस ठाण्याने 'आमची हद्द नाही' म्हणून तुला परत पाठवायचं नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची आणि मग तिकडे पाठवायची, असा नियम आहे. तुझा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट द्यायची. नोंदवत नसतील तर मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयातल्या वरिष्ठांना पोस्टाने लेखी पाठव, तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. समितीची तीन महिन्यांची अट पोलिसांना लागू नाही. पोलिसात जायचं असेल तर मदत करणं हेसुद्धा मालकाचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलं आहे. वकिलाचे पैसे कुठून आणू, म्हणालीस. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न न बघता. वसईच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी कर किंवा १५१०० वर फोन कर. जीव धोक्यात वाटला तर ११२, एरवी महिलांची मदतवाहिनी १८१.

तुझ्या पॅकिंगमधल्या बायकांबद्दलही लिहिते, कारण त्यांचा त्रास नेहमी असाच असेल असं नाही. एकाच मशीनवर, तेच काम, पण बाईचा रोज कमी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा. आता तीच तरतूद वेतन संहितेत आहे आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. दिवस गेल्याचं कळल्यावर 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणणं हेही वसईत ऐकलेलं आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, आणि त्या रजेच्या काळात तिला काढून टाकणं बेकायदा आहे. या दोन्हींसाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय.

आणि जात. भाताणे, पारोळ, खानिवडे या बाजूने गाळ्यांत कामाला येणाऱ्या वारली, कातकरी, मल्हार कोळी बायकांना ज्या नावांनी हाक मारतात, ती तूही ऐकली आहेस. लोकांसमोर जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट त्यात नाही. शिकलेल्या जागेत असं होत नाही, असं कुणी म्हणालं तर मुंबईच्या नायर रुग्णालयाची आठवण दे. डॉ. पायल तडवी, भिल्ल तडवी समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. जात बाजूला ठेवली तरी वरिष्ठाचा जाच असतोच: मेळघाटात हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी असलेल्या दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ ला आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाने दिलेल्या त्रासाचं वर्णन होतं. या दोघी भित्र्या नव्हत्या. त्यांना एकटं पाडलं गेलं. म्हणून हे सगळं तू एकटीने करायचं नाही. मी आहे, तुझी आई आहे. रात्री फार जड वाटलं तर किती वाजलेत ते न बघता फोन कर.

कायद्याची एक उणीवही सांगून ठेवते. नुसतं ओरडणं, चारचौघांत अपमान, मुद्दाम जास्त काम, याला लैंगिक किंवा जातीचं अंग नसेल तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा असा एक कायदा नाही. २०१३ चा कायदाही फक्त बायकांना लागू. लोडिंगच्या पोराला मुकादम रोज शिव्या घालतो, त्याने जायचं कुठे? वेतन, कामाचे तास, बेकायदा काढून टाकणं या दारांनीच त्याला आत शिरावं लागतं. हे अपुरं आहे, पण जे आहे ते वापरलं नाही तर पुढचं कधीच मिळणार नाही.

जे आहे तेही फुकट आलेलं नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्याच योजनेत 'साथिन' म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून झालेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला आणि पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी समिती बसवायचे नियम घालून दिले गेले. नियम आले, पण पाळतो कोण? पुण्याच्या 'आलोचना' संस्थेतल्या मेधा कोतवाल लेले यांनी हेच सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यावर निकाल लागला, आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. पुण्याहून गेलेल्या एका पत्राचा या कायद्यात वाटा आहे, आणि तू म्हणतेस, "माझ्या अर्जाने काय होणार?"

आता तुझी भीती. पहिली, खोटी ठरले तर? मुद्दाम खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिला तर कारवाई होते, हे खरं. पण पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. दुसरी, नाव बाहेर येईल. तक्रार करणारीचं नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. म्हणूनच अर्ज गेल्यानंतर या विषयावर मी एक ओळ छापणार नाही. तिसरी, दादा म्हणतो नोकरी सोड, लग्नाचं बघायचंय. दादाची काळजी मला कळते. पण नोकरी सोडून काय होतं ते मी पगाराच्या टेबलावरून पाहिलं आहे. बाईचा हिशोब होतो, तिच्या जागी दुसरी मुलगी येते, सुपरवायझर तोच राहतो. त्या दुसऱ्या मुलीचा मोबाइल नंबर त्याला भरतीच्या फॉर्मवरूनच मिळतो. राजीनामा हा कंपनीला सगळ्यात स्वस्त पडणारा निकाल आहे. नाही, मी तुला तिथे जन्मभर राहा म्हणत नाही. चांगली जागा मिळाली तर खुशाल जा. नोकरी सोडल्यावरही मुदतीत तक्रार करता येते. फक्त जाण्याआधी लिही. आणि कुणी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर किंवा 'स्वखुशीने' लिहिलेल्या राजीनाम्यावर सही करू नकोस.

सगळं तुझ्या मनासारखं होईल असं वचन मी देत नाही. चौकशी लांबेल, दोघी साक्षीदारांपैकी एक माघार घेईल, शेठ चार दिवस तोंड फिरवील. पण समिती नेमणं मालकाचं काम आहे, चौकशी समितीचं, देखरेख जिल्हा अधिकाऱ्याची, गुन्हा नोंदवणं पोलिसांचं. या सगळ्यांना कामाला लावणारा अर्ज तेवढा तुझ्या वाटणीला आला आहे. तो या आठवड्यात लिही. कच्चा लिहून माझ्याकडे आण, तारखा मी तपासते.

तुझी,
आत्या